कंबरभर पाण्यातला मास्तर

टोस्टला लोणी लावता लावता अ‍ॅट्रॅक्टानं सांगितलं, की नोव्हेंबरातली मिस्सा, चर्चमधली मृतांसाठीची प्रार्थना, झाली की ती गॉलवेला बहिणीकडे राहायला जाणार आहे, कायमची. त्यावर तिचा नवरा फेस्टस मल्डेरिग म्हणाला, "मग क्लच दाखवून घ्यायला हवा. हल्ली जड लागतोय." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. "मी बसनं जाईन," ती म्हणाली, सुरी बशीच्या काठाला पुसली, आणि औषधांच्या दुकानात कामाला निघून गेली. फेस्टस बसून राहिला. टेबलाखाली त्याचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला होता, पोटरी दुखायला लागेपर्यंत. धंद्याचं दुखणं. अख्ख्या किल्बारन गावाला त्यानं गाडी शिकवली होती, धर्मगुरूंना, दोन दातांच्या डॉक्टरांना, एका आंधळा व्हायला लागलेल्या खाटकालासुद्धा. आणि शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. जन्म त्या ब्रेकवर पाय तरंगत ठेवण्यात गेला की माणसाला वाटायला लागतं, जगात सगळीकडे आपल्या पायाखाली काहीतरी आहे. रस्त्यानं चालताना समोरून कुणाचं पोर धावत आलं की फेस्टस पाय दाबायचा. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की दाबायचा. झोपेत तर इतक्या जोरात दाबायचा, की अ‍ॅट्रॅक्टाच्या नडगीवर कायम एक निळा डाग असायचा; पुढे ती कॅथलच्या खोलीत झोपायला लागली आणि डाग गेला. आताही त्यानं दाबलं होतं. काही थांबलं नाही. टोस्ट तेवढा गार झाला.

कॅथलची खोली म्हणजे मुलाची खोली, आणि ती रिकामी होती कारण दोन हिवाळ्यांपूर्वी कॅथल सर्फिंगची फळी घेऊन डोक्याएवढ्या लाटांत गेला होता आणि फळी एकटीच परत आली होती. मागून चार दिवसांनी तोही आला. मल्डेरिगांच्या घरात पोहायला कुणी शिकायचंच नाही, असा पणजोबांपासूनचा दंडक; सगळे कोळी, सगळे समुद्रावर, आणि एकालाही हात मारता येत नाही. समुद्राला जो हवा तो घेणारच, पोहता आलं तर नुसता जास्त वेळ लागतो, असं आजोबा बटाटे सोलता सोलता सांगायचे, जसं कुणी हवामान सांगावं. कॅथलनं दंडक मोडला. बापाच्या शिकवायच्या गाडीच्या टपावर, नवशिक्याच्या पाटीच्या शेजारी, फळी बांधून तो किनाऱ्यावर जायचा, आणि समोरून येणारे लोक दुप्पट लांब राहायचे. दफनाच्या दिवशी सगळा परगणा रांगेनं आला, हात मिळवून "तुमच्या दुःखात आहोत" म्हणून गेला, आणि फेस्टसनं प्रत्येकाला बारकाईनं सांगितलं की गाडी कुठे लावा, परत वळवताना भिंत सांभाळा. रडला नाही. त्या दिवशी नाही, महिन्यानंतरच्या मिस्सेला नाही, कधीच नाही. रडायला काही हरकत होती असं नाही. आतून येईल येईल म्हणून तो थांबला होता, बस चुकलेला माणूस पुढच्या बससाठी थांबतो तसा, आणि दरम्यान त्यानं समुद्राकडच्या खिडकीसमोरची आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली. धक्क्यावर गावातले सगळे म्हातारे गाडीत बसून, काचा वर करून, थर्मासातला चहा पीत समुद्राकडे बघत बसतात; फेस्टस तिथं जायचा, पण गाडी उलटी लावायचा, तोंड सार्वजनिक शौचालयाकडे. कुणी काही म्हटलं नाही. उलट म्हातारा मालाकी लॉफ्टस, ज्याच्याशी कुंपणावरून त्याचा कैक वर्षांचा अबोला होता, त्यानंही एकदा स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, म्हणजे आमच्याकडे तो नमस्कारच.

अ‍ॅट्रॅक्टा मात्र वर्षभरानं पाण्यात गेली. आधी बायकांच्या घोळक्यात, किंचाळत, गुडघ्यापर्यंत. मग एकटी, कॅथलची जुनी फळी काखेत मारून, रोज सकाळी, बर्फासारख्या पाण्यात. परत यायची तेव्हा ओठ जांभळे, केसांत मीठ, आणि चहाचं पाणी ठेवताना ती काहीतरी गुणगुणायची. फेस्टस भिंतीकडे तोंड करून ते गुणगुणणं ऐकायचा. एखादा माणूस शेजारच्या घरातला रेडिओ ऐकतो, तसा. मग ती कप घेऊन वळायची, तो दिसायचा, आणि रेडिओ बंद व्हायचा. ती तिथं कुठल्या बाईला भेटून येते, हे बघावं असं त्याला फार वाटायचं. ती बाई त्याच्या ओळखीची होती, पूर्वी त्यानं तिच्याशी लग्न केलं होतं. क्लचबद्दल बोलून झाल्यावर त्या सकाळी त्याच्या डोक्यात एवढंच आलं, की आपण तिथं गेलं पाहिजे. मिस्सेला तीन आठवडे होते. तेवढ्यात त्यानं लोकांना चौक ओलांडायला शिकवलं होतं.

सर्फिंग शिकवणारी रिओना गिलगन त्याचीच विद्यार्थिनी, परीक्षेत दोनदा नापास झालेली. "मास्तर," ती त्याला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "पोहता येतं?"

"नाही."

"कंबरभर पाण्यातच शिकवते मी. उभे राहिलात की पाय टेकतात. फक्त उभं राहायचं लक्षात ठेवायचं. आणि अ‍ॅट्रॅक्टाला माहितीय का?"

"तिला सांगायचं नाहीये."

"मग गावात कुणीच सांगणार नाही तिला," रिओना म्हणाली, आणि ते खरं होतं. किल्बारनमध्ये गुपित ज्याच्यापासून ठेवायचं तेवढ्याच्यापासूनच राहतं. पहिल्याच दुपारी धक्क्यावरच्या गाड्या ओळीनं उठल्या आणि टेकाडापलीकडच्या, नवशिक्यांच्या किनाऱ्यावर येऊन लागल्या, थर्मासांसकट. मालाकी लॉफ्टस मधोमध. त्यांच्यासमोर फेस्टस रबरी सूट घालून आला तेव्हा तो त्यानं पुढचा मागे असा घातला होता, चेन बेंबीवर, आणि गुडघ्यांसाठी केलेले फुगवटे पोटऱ्यांवर लोंबत होते. त्या वर्गात त्याच्याखेरीज डब्लिनहून आलेल्या सात पोरी होत्या. एकीचं लग्न ठरलं होतं आणि बाकीच्या तिला शेवटची मजा करवायला घेऊन आल्या होत्या, सगळ्यांच्या सुटांवर गुलाबी पट्टे. "काका, तुम्ही नवरीकडचे की नवऱ्याकडचे?" एकीनं विचारलं आणि उरलेला एक पट्टा त्याच्या गळ्यात घातला. पट्ट्यावर 'करवली' लिहिलेलं होतं. तो काढावा की नाही हे त्याला ठरवता येईना. काढला तर पोरींना वाईट वाटेल, ठेवला तर मालाकीला आनंद होईल. ठेवला.

पाणी सुटात शिरलं तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं, की थंडी ही बाहेरची गोष्ट नाही. मानेतून एक बारीक सुरी आत आली, पाठीच्या मणक्यांवरून एकेक पायरी उतरली, आणि तो श्वास घ्यायचा विसरला. मग आठवण आली ती कॅथलची नाही, तर कॅथलच्या सुटाची: न्हाणीघरात नळाला टांगलेला, ठिबकणारा, आत माणूस नसलेला माणूस. किती वेळा आपण ओरडलो, की हे भूत आधी बाहेर टांग. "मास्तर, फळीवर पालथे," रिओना म्हणाली. "हात मारा. मागे बघा. आरशात बघितल्याशिवाय सुटायचं नाही, कुणी शिकवलंय?" त्यानं मागे बघितलं. मागे करडं, गुबगुबीत काहीतरी वर उचललं जात होतं, आणि आयुष्यात प्रथमच ते त्याच्याकडे तोंड करून येत होतं. त्यानं पाय दाबला. फळीला ब्रेक नसतो. फेसानं त्याला उचललं, फळी एकीकडे, पट्टा एकीकडे, आणि फेस्टस होणाऱ्या नवरीच्या पायांत जाऊन आपटला. ती त्याच्यावर, आणि दोघं मिळून कंबरभर पाण्यात बुडायला लागले. उभं राहायचं असतं हे त्याच्या लक्षात येईना. खाली, वाळूचा धूर आणि कानांत गर्जना अशा त्या जागेत, एक विचार अगदी निवांत आला, की मल्डेरिगांचा शेवटचा पुरुष 'करवली' म्हणून सापडणार. मग नवरीनं त्याला केसांना धरून वर काढलं. किनाऱ्यावर सगळ्या गाड्यांनी दिवे मिचकावले.

तो जात राहिला. आठवड्यातून तीनदा, अ‍ॅट्रॅक्टा दुकानात असायची त्या वेळी. सुधारणा म्हणावी अशी काही नव्हती. गुडघ्यांवर यायचा, तिथंच विचार करत बसायचा, आणि लाट त्याच्याखालून निघून जायची, चौकात हिरवा दिवा लागूनही न हलणाऱ्या विद्यार्थ्यासारखं त्याला सोडून. सकाळी तो अ‍ॅट्रॅक्टाकडे चोरून बघायचा. तिनं पेटाऱ्यातून लोकरीचे कपडे काढले, दोन ढीग केले. न्यायचं, ठेवायचं. त्याला वाटायचं, सांगावं: मलाही माहितीय आता, मानेतून आत येतं ते. पण मग वाटायचं, आधी उभं राहता येऊ दे. उभा राहिलेला माणूस दाखवायला काहीतरी असतो. गुडघ्यांवरचा काय, चर्चमध्ये कुणीही असतो. एका सकाळी तिनं खरंच विचारलं, "हल्ली तुझ्या अंगाला कसला वास येतो?" तो म्हणाला, "शेवाळ. बागेत खत घालतोय." तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. त्यांना बाग नव्हती, सिमेंटचा चौक होता. ती काही बोलली नाही, आणि न बोलण्यात आता कुतूहलही नव्हतं, हे त्याला खोटं पकडलं जाण्यापेक्षा जास्त लागलं.

मिस्सेच्याच आठवड्यात मालाकी लॉफ्टस गेला. धक्क्यावरच, गाडीत, मांडीवर पेपर. बाकीच्यांना तासभर वाटलं की डुलकी लागलीय, आणि तिघांनी त्याला बोट उचलून नमस्कारही केला. अंत्यदर्शन बुधवारी संध्याकाळी ठेवलं. आता आमच्याकडे माणसाशी अबोला असू शकतो, कोर्टकचेरी असू शकते, पण त्याच्या अंत्यदर्शनाला न जाणं म्हणजे काय ते सांगायला शब्द नाही, कारण ते कुणी केलेलंच नाही. फेस्टसनं हिशेब मांडला, शिकवणी संपली की अंघोळ, कोट, टाय. शिकवणी संपली आणि सुटाची चेन अडकली. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, वाळू खाऊन घट्ट. रिओनानं दोरी ओढली तर दोरीच हातात आली. त्या दिवशी कॉर्कहून आलेल्या चार नर्सा होत्या वर्गात. त्यांनी आपल्या विद्येनं प्रयत्न केले, साबण लावला, एकीनं त्याच्या पाठीत गुडघा रोवला. "कापायचा का?" एक म्हणाली. "तो माझा सगळ्यात मोठा सूट आहे," रिओना म्हणाली. फेस्टस घड्याळाकडे बघत होता.

"असेच जा ना काका," सगळ्यात वयस्कर नर्स म्हणाली. "काळाच तर आहे."

तेव्हा ते अगदी योग्य वाटलं. सुटावर शर्ट, शर्टावर टाय, वर काळा ओव्हरकोट. गळ्याशी पांढऱ्या कॉलरीतून काळं रबर वर आलेलं. दारातल्या एका म्हातारीनं त्याला "या फादर" म्हटलं. आत हीटर पूर्ण चालू, कारण मालाकीच्या बायकोला, फिलोमेनाला, थंडी सोसायची नाही. रांग हळूहळू सरकत होती आणि फेस्टस आतून शिजत होता. पाऊल टाकलं की दोन मांड्यांमधून कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज यायचा. बाहीतून पाणी ठिबकत होतं. त्यानं मालाकीच्या पुतण्याशी हात मिळवला तेव्हा पुतण्यानं आपला हात बघितला आणि सभ्यपणे पँटला पुसला. चार माणसं मागे अ‍ॅट्रॅक्टा उभी होती, दुकानातून तशीच आलेली. त्यानं मागे बघितलं नाही. शवपेटीशी पोचला. मालाकी निळ्या सुटात, बोटांत जपमाळ, कधी नव्हे इतका समंजस दिसत होता. आता रीत अशी, की वाकून मृताच्या हाताला हात लावायचा. फेस्टस वाकला.

समुद्रात गटांगळ्या खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं: दुपारभर नाकातोंडात गेलेलं पाणी कवटीत कुठेतरी साठून राहतं, शांत, आणि माणूस तासाभरानं खाली वाकला की एकदम सुटतं. त्याच्या नाकातून धार लागली. थेंब नाही, धार. मालाकीच्या हातांवर, जपमाळेवर, निळ्या बाहीवर. डोळ्यांत मीठ झोंबून डोळेही वाहायला लागले. त्यानं सरळ व्हायचा प्रयत्न केला तर घशातून असा एक आवाज निघाला, की खोलीतली कुजबुज थांबली. फिलोमेना उठली आणि तिनं त्याला मिठी मारली. "त्याच्या मनात काही नव्हतं रे," ती हुंदके देत म्हणाली. "शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होता." कशासंदर्भात, हे फेस्टसला विचारता आलं नाही. मागे कुणीतरी नाक ओढलं. मग आणखी कुणीतरी. मालाकीसाठी डोळ्यांतून टिपूस काढायचं कुणी ठरवून आलं नव्हतं, पण फेस्टस मल्डेरिग, जो पोटच्या पोरासाठी रडला नाही, तो रडतोय म्हटल्यावर अख्खी खोली फुटली. फादर रडले. पुतण्या रडला. आणि त्या सगळ्यात रांग मोडून अ‍ॅट्रॅक्टा आली, तिनं त्याचा दंड धरला, सगळ्यांसमोर, आणि कपाळ त्याच्या बाहीला टेकलं. "बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं रे."

ही तीच होती. तीच बाई. इतक्या जवळ, की तिच्या केसांतलं सकाळचं मीठ त्याला हुंगता येत होतं. ती त्याला बाहेर घेऊन आली, हॅम सँडविच मागेच राहिलं, गाडीत बसवलं, आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन ती म्हणाली, "मी किती वाट बघितली. मला वाटायचं तुझ्यात काही नाहीच आहे. मला वाटायचं, पोर माझं एकटीचं होतं." काचांवर वाफ धरली होती. फेस्टसला कळत होतं की काही न बोलता नुसतं बसून राहिलं तर कदाचित हे असंच राहील, आज रात्री, उद्या, शनिवारची गॉलवेची बस निघून जाईल. त्यानं आत शोधलंसुद्धा, खरं काही निघतं का. एवढं पाणी वाहिलंय तर त्याच्या मागून एखादा थेंब आपलाही आला असेल. जीव लावून शोधलं. आत कोरडं होतं, नीट झाडलेलं. आणि बाहेरून रबर आवळत होतं, उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या.

"अ‍ॅट्रॅक्टा," तो म्हणाला, "ते समुद्राचं पाणी आहे. आणि मला ह्या सुटातून बाहेर यायला तुझी मदत लागणार आहे."

तिनं त्याच्या कॉलरीत दोन बोटं घातली. रबर चाचपलं. मग गाडी चालू कर म्हणाली.

स्वयंपाकघरात तिनं चेनीला मेणबत्तीचं मेण लावलं, पक्कड घेतली, आणि ती उघडली. रोज सूट घालणाऱ्या बाईला ते येतं. खांदे सुटले, पोट सुटलं, पाय अडकले. तो फरशीवर बसला, ती समोर बसून घोटा धरून ओढायला लागली, आणि पाय सुटला तशी ती मागे कोळशाच्या बादलीवर पडली. ती हसली. खरोखर हसली, तोंडावर हात न घेता. तोही हसला. मालाकीची बाही आठवून दोघं पुन्हा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिच्या.

"पण कशाला?" तिनं विचारलं. दुसरा घोटा तिच्या हातात होता. "ह्या वयात? तुला तर पाण्याकडे बघवतही नाही."

"तू तिथं असतेस," तो म्हणाला. "मला वाटलं, तिथं यावं."

तिनं घोटा सोडला नाही. अंगठ्यानं त्यावरची वाळू पुसली, दुकानात बाटलीवरची धूळ पुसावी तशी, हलकेच.

"फेस्टस," ती म्हणाली, "तू तिथं नसतोस म्हणून मी तिथं जाते."

मग तिनं दोन्ही हातांनी जोर लावून उरलेला पाय ओढून काढला.

शनिवारी तो तिच्या पेट्या घेऊन बसथांब्यावर गेला. शुक्रवारच्या मिस्सेत कॅथलचं नाव वाचलं गेलं होतं, मालाकीच्या नावाआधी, आणि लोकांनी फेस्टसकडे आशेनं बघितलं होतं. तो नुसता उभा होता. बसच्या दारात अ‍ॅट्रॅक्टानं त्याच्या गालाला हात लावला. "जेवत जा नीट," ती म्हणाली. ड्रायव्हर त्याचाच शिकवलेला, निघताना आरशात न बघता निघाला. फेस्टसच्या ते लक्षात आलं आणि पाय हलला नाही.

रविवारी रिओनाचा फोन आला. लाटा लहान आहेत, तुमच्याजोग्या, येताय का. त्याला नाही म्हणायला कारण सुचेना. आता तो समुद्र कुणाचाच नव्हता. किनाऱ्यावर दोघंच होती. पाणी मानेतून आत आलं, उतरलं. तो पालथा झाला, हात मारले, मागून काहीतरी उचललं गेलं, आणि गुडघ्यांवर थांबून विचार करायचं राहून गेलं, कारण विचार करण्यासारखं काही नव्हतं. तो उभा होता. फळी खाली घसरत होती, वारा तोंडावर होता, समोर टेकाड, त्यामागून डोकावणारं गाव, घरं, चर्च, सगळं हळूहळू जवळ येत होतं. बराच वेळ. मग वाळू लागली, फळी थांबली आणि तो घोटाभर पाण्यात उतरला.

"उभे राहिलात मास्तर," रिओना पाण्यातून ओरडली.

"हो," तो म्हणाला. त्यानं किनाऱ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आता काय करायचं?"

"आता काय," ती म्हणाली. "फळी फिरवा आणि परत आत या."